आईच्या ओव्या आणि एकच डिस्क

आमच्या ओटाहुहू उपनगरातल्या त्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचा मला अजून राग येतो. तोंडाकडे न बघता बोलतो आणि उठसूट 'बरं, मग' म्हणतो.

माझा लॅपटॉप अगदीच रखडत चालायचा. म्हणून आईच्या ओव्या, मीच एका बोटाने टाइप केलेल्या, मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या आणि लॅपटॉपमधून पुसून टाकल्या. ओझं कमी झालं की पळेल, असं मला वाटलं. तरी पळेना, तेव्हा त्याच्याकडे नेला आणि काय केलं ते सांगितलं.

त्याने लॅपटॉपच्या पंख्यातून धुळीचा बोळा काढला. "बरं, मग प्रोसेसर तापून हळू चालत होता. ओव्यांनी काय बिघडवलं होतं? दुसरी कॉपी कुठाय?"

"डिस्कवर आहे की."

"ती एकुलती एक झाली, काकू. ही चकतीवाली डिस्क हातातून पडली तर सगळं गेलं. पुढच्या वेळी एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारी चकती नसते."

चार गिऱ्हाइकांसमोर असं बोलतात का? मी उठलेच. त्याने डिस्क मागून घेतली, ओव्या परत लॅपटॉपवर उतरवल्या आणि नीट उघडतायत ना हे बघायला दोन्हीकडची एकेक ओवी मला मोठ्याने वाचायला लावली. मी तावातावाने वाचल्या.

"आता हरवणार नाहीत," एवढंच म्हणाला. जरा हसला असता, तर मला आभार तरी मानता आले असते.