मी न फाडलेली यादी

बातमी आली तेव्हा मी बाजाराची यादी लिहीत होते. तिसऱ्या ओळीत ‘नरेश – लाखोळीची डाळ, एक किलो’ एवढं लिहून झालं होतं, आणि त्याच्या दुकानाशेजारच्या टेलरचा फोन आला, “ताई, लवकर या, नरेशभाऊ खुर्चीतच कसेतरी करून राहिले.” मोहाडीत त्याचं कापडाचं दुकान माझ्या घरापासून चार मिनिटांवर. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठेचाळीस. नातेवाइकांना फोन, लाकडं, तेरवीचे पाहुणे... सगळ्याच्या याद्या मीच केल्या, एकही गोष्ट सुटली नाही. लोक म्हणाले, ताईंनी किती धीरानं निभावलं. आज दीड महिन्यानं लिहायला बसले आहे ते मात्र वेगळ्याच यादीबद्दल. ती नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आणि नरेशला मी सांगितलं होतं की ती फाडून टाकली.

आमचे बाबा विणकर. मागावर तुटलेला कोशाच्या रेशमाचा धागा ते असा सांधायचे की गाठ बोटाला लागत नसे. तो हात नरेशला मिळाला, माग मिळाला नाही. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास बाबांनी माग मोडला आणि नरेश दुकानात बसू लागला. नागपूरला शिकताना त्याला एका खेळाचा नाद लागला होता. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि लढाईत कोणाचं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नरेश गोष्ट सांगणारा. पुढे मित्र पांगले, तरी दर रविवारी दुपारी तो फोन स्टँडवर लावून त्यांना टेबल दाखवायचा आणि खेळ चालायचा. टेबलावर अंगठ्याएवढ्या मूर्ती उभ्या असायच्या. मिनिएचर म्हणायचा तो त्यांना. जादूगार, बुटके लढवय्ये, टोकदार कानांची तिरंदाज बाई, पंख मिटलेला ड्रॅगन. पार्सलमधून करड्या प्लास्टिकच्या यायच्या. तो साच्याची रेघ तासायचा, अस्तराचा हात द्यायचा, मग बाबांचं भिंग डोळ्याशी धरून दोन-तीन केसांच्या ब्रशनं बुबुळं काढायचा. एकेका मूर्तीला पंधरा-पंधरा दिवस. मी त्यांना बाहुल्या म्हणायचे.

“बाहुल्या नोको म्हनू ना ताई,” तो हसत म्हणायचा. “हा अमोलचा मानूस हाय. सात वर्सांपासून जगून राहिला, तीनदा मरता मरता वाचला.”

“आन् तुह्या तांदळाले सोंडे लागून राहिले, ते कोन पाहीन?” हे माझं उत्तर.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तान्ह्या पोळ्याचं काम माझ्याकडे होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून आणतात आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी भेट द्यावी लागते. मी घरोघर फिरून यादी केली, बावीस पोरं, बावीस कंपासपेट्या. पण सणाला माहेरी आलेल्या लेकींची पोरं मी धरलीच नव्हती. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे नंदी घेऊन छत्तीस जण उभे! नरेश माल आणायला नागपूरला गेलेला, शेजारच्या त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे असायचीच. गेले आणि टेबलावरच्या फळीवरून मूर्तींचा ट्रे उचलला. मोजल्या, तर बरोबर चौदा. त्या क्षणी मला आनंद झाला, हे लपवत नाही... आकडा जुळल्याचा आनंद. कोणाला काय दिलं तेही वहीत लिहिलं. निळ्या झग्यातला म्हातारा – सखूबाईचा नातू. हिरवी धनुष्यवाली – शहापूरची पाहुणी. कुऱ्हाडवाला बुटका – आंबागडचा पोरगा. असे चौदा. मनात असंही होतं की चाळिशीला टेकलेल्या माणसाचं हे वेड यानिमित्तानं सुटलं तर बरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आला.

“ताई, माह्या फळीवरचा ट्रे कोठी हाय?”

मी सांगितलं. तो चौकट धरून उभा राहिला. ओरडला असता तर मीही ओरडले असते, माझी तयारी होती.

“कोनाले कोनता देल्ला, त्याची यादी असन ना तुह्याजवळ?”

वही माझ्या मागे, पिठाच्या डब्यावर होती. पण यादी दिली तर हा दारोदार जाईल, पोरांना दिलेली भेट परत मागेल, आणि गल्लीत माझं हसं होईल... मी म्हटलं, “नाही. फाडून फेकली.”

मी यादी फाडत नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या लग्नातल्या आहेराची यादीसुद्धा अजून माझ्या पेटीत आहे. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“पोट्टे खुश झाले का पन?”

“झाले.”

“मंग झालं,” म्हणाला आणि चहा न घेता गेला. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही. काही महिन्यांनी फळीवर नव्या मूर्ती आल्या, रविवारचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले, आणि मी समजले की मिटलं.

तेरवीला नागपूरहून नरेशचा खेळातला मित्र अमोल आला. त्याचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलेला, चेहरा पहिल्यांदा पाहिला. जेवणं झाल्यावर म्हणाला, “ताई, एक गोष्ट मनाला लागून आहे. नरेशदादानं आमचे सगळे मिनिएचर गावच्या पोट्ट्यांना वाटून टाकले होते. म्हणे, मलेच वाटलं, द्यावे. मी इतका भांडलो त्याच्याशी... दोन महिने फोन नाही उचलला. आमच्यातला एकजण तर परत आलाच नाही खेळायला.”

मी पानाचं तबक घेऊन उभी होते. ‘त्यानं नाही वाटले, मी वाटले,’ एवढंच वाक्य होतं. मी तबक पुढे केलं आणि म्हटलं, “पान घ्या.”

अमोल, ते वाक्य आता इथे लिहिते आहे. तुझं भांडण माझ्याशी व्हायला हवं होतं.

तेरवीनंतर वही काढली आणि निघाले. नऊ वर्षांपूर्वी जे त्याला करू दिलं नाही, ते. पोरं मोठी झाली, शिकायला बाहेरगावी गेली. कोणाच्या आईला काही आठवेना, एका घरी ड्रॅगनचा एकच पंख सापडला. शहापूर, आंबागडच्या पाहुण्यांचे नुसते नंबर मिळाले. शेवटी सखूबाईकडे गेले. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते, सत्तरी ओलांडलेली. तिच्या देवघरात, गणपतीच्या बाजूला, निळ्या झग्यातला म्हातारा हळदकुंकू लावून उभा होता.

“हे बाबा? पोट्टा मातीत खेळवे त्याहिले, मंग मीच उचलून ठेवले. चेहरा कसा शांत हाय, पाय.” मग म्हणाली, “आता रंग कोन भरन वो? नरेश ये ना दर पोळ्याच्या आंधी, डबी घेऊन. हळदीनं दाढी पिवळी होते म्हने, अन् पांढरी करून देये.”

“त्यानं वापस नाही मांगतला?”

“मीच म्हनलं, तुहा असन तं घेऊन जाय. नाही म्हने, इथं चांगला हाय. ताईले नोका सांगू फक्त, तिले वाईट वाटन.”

तिच्या घरी जायची वाट माझ्या दारावरून आहे. एका पोळ्याच्या आधी मी त्याला हटकलंही होतं, “डबी घेऊन कोठी चालला?” “जरासं काम हाय,” म्हणाला होता.

पोळा आता तीन आठवड्यांवर आला आहे. मी रोज दुपारी नरेशच्या घरी, त्याच्या टेबलापाशी बसते. बाबांचं भिंग, ग्लासात उभे केलेले ब्रश, पांढऱ्या रंगाच्या बाटलीच्या झाकणावर त्याच्या अंगठ्याचा ठसा. एका करड्या, अर्धवट मूर्तीवर दाढीचा सराव करते. रंग गळ्यापर्यंत उतरतो, मग ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा. बाजाराच्या यादीत ‘सखूबाई – दाढी’ असं लिहिलं आहे, खूण अजून केलेली नाही. आणि वरच्या फळीवर, ट्रेच्या जागी, नऊ वर्षांपूर्वीची वही त्या पानावर उघडून ठेवली आहे. त्यानं मागितली होती.