टॉवेलातला फोटो आणि ट्रॅक्टरचा सौदा

चाळीसगावात माझा जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. बाप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. हे शेड मी तोंडाच्या जोरावर उभं केलं. समोरचा 'नाही' म्हणाला की माझा सौदा सुरू होतो. फक्त बायकोपुढे हे चालत नाही, आणि तो राग अजून मनात आहे.

ती पिंपळनेरला दवाखान्यात नर्स आहे. शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते. मधल्या दिवसांत फोनवर बोलणं म्हणजे गॅस संपला, मोटर जळली, तुमची आई गोळ्या घेत नाही. एका दुपारी मीच मेसेज टाकला, "शनिवारपर्यंत दम निघत नाही." थोड्या वेळाने उत्तर आलं, "मलाही." पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस मी, शेडमध्ये एकटाच हसत उभा. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला न मागता नवे टायर घालून दिले.

मग ते वाढत गेलं. काय लिहायचो ते इथे येणार नाही. एवढंच सांगतो, शनिवारी ती बसमधून उतरली की आम्ही दोघं लाजायचो, आणि गॅसवरून भांडणं कमी झाली.

गोष्ट फोटोंवर आली तेव्हा तिने अटी घातल्या. आधी विचारायचं, "एकटी आहेस का?" तिकडून 'बाजार बंद' आलं की विषय संपला. फोटोत चेहरा नको, मागे घर ओळखू येईल असं काही नको. बघितला की लगेच डिलीट, मेसेजमधूनही आणि गॅलरीतूनही.

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"तुमचं डोकं कधी तापेल, सांगता येतं का? तापेल तेव्हा माझा फोटो तुमच्याजवळ नसलेला बरा. आणि तुमचा फोन गावभर फिरतो."

मला हे फार लागलं. तरी मी प्रयत्न केला. दोन दिवस ठेवतो. बरं, एक दिवस. बरं, चहा होईपर्यंत.

"अहो, इथे घासाघीस नाही. जमत नसेल तर राहू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या अटींवर सौदा केला. तिचे फोटो चरफडत डिलीट करत गेलो. स्वतःचा एक मात्र ठेवला. आरशासमोर, कमरेला फक्त टॉवेल, हात मिशीवर, पोट आत ओढलेलं. "चेहरा दिसतोय, मी काढून टाकला, तुम्हीही काढा," असं तिने बजावलं होतं. पण फोटो फार चांगला आला होता.

पुढे एरंडोलकडचे एक आबा ट्रॅक्टर घ्यायला आले. ट्रॅक्टर मालकाच्या शेतात उभा होता, म्हणून आमच्या धंद्यात सगळेच करतात तसा मी फोनच त्यांच्या हातात दिला. आबा बोटाने एकेक फोटो सरकवत होते. इंजिन, टायर, सीट. मग बोट थांबलं. आबांनी चष्मा पुसला.

"भाऊ, हाई बी इकानं शे का?" म्हणजे हेही विकायचं आहे का!

पहिल्यांदा बायकोच डोळ्यांपुढे आली. फोन हिसकावून सगळी गॅलरी पाहिली. ती कुठेच नव्हती. फक्त मी, टॉवेलात. जीव भांड्यात पडला आणि लगेच भडकलो.

"आबा, लोकांचे खासगी फोटो बघता?"

"तूच दिन्हा ना फोन!" आबांनी माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बोट केलं. "फोटोमा पोट नही शे. आठे ते शे. मंग टॅक्टरना फोटोवर इसवास कसा ठेवू?"

ट्रॅक्टर आबांच्या भावात गेला. वर मी नांगर फुकट दिला. त्यांनी मागितला नव्हता, पण परतताना बसमध्ये ओळखीचं कोण कोण भेटेल, हे ते मोठ्याने आठवत होते.

बायकोला फोन करून सांगितलं.

"माझा एखादा दिसला?" तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नाही. सगळे काढले होते."

"सगळे?"

"सगळे."

तिने मोठा श्वास सोडला आणि मग इतकी हसली की तिकडे कोणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. "तो टॉवेल माझ्या माहेरचा आहे," ती म्हणाली. "आता बाजार बंद. कधी उघडायचा ते मी सांगेन."

फोन ठेवल्यावर मी मेसेजमध्ये उत्तर टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं आणि फोन खिशात टाकला.

बऱ्याच दिवसांनी धुळ्याचे दोघे भाऊ ट्रॉली घ्यायला आले होते. दोघांना मी अगदी माझ्या किमतीपर्यंत आणलं होतं, तेवढ्यात मेसेज आला, "एकटे आहात का?"

"घ्या, तुमच्याच भावात घ्या," मी म्हणालो, "पण आत्ताच न्या."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा ट्रॉलीखाली वाकून बघून आला. "काहीतरी गडबड दिसतेय भाऊ. अजून थोडे कमी करा."

तेही केले. ट्रॉली रस्त्याला लागली, शेडचं फाटक लावलं आणि मग उत्तर टाकलं, "हो, एकटाच."

आलेला फोटो बघितला आणि लगेच काढून टाकला. ट्रॉली मात्र अजून डोक्यातून जात नाही.