भावकीतली सोयरीक

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नसलं तरी.

बीएला इतिहास होता. तिसऱ्या वर्षी एका तासाला सरांनी निअँडरथल माणूस शिकवला आणि तो माझ्या डोक्यातून काही गेला नाही. हा माणूस गुडघे दुमडून, जनावरासारखा वाकून चालायचा, असं पुष्कळ वर्षं जगभर सांगितलं गेलं होतं म्हणे. मग कळलं, ज्या सांगाड्यावरून हे ठरवलं तो एका म्हाताऱ्याचा होता आणि त्याला सांधेदुखी होती. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवरून अख्खी जमात वाकडी ठरली. दुसऱ्या एकाचा हात तरुणपणीच वाळून गेलेला, तरी तो पुढं कितीतरी वर्षं जगला. म्हणजे त्याला कुणीतरी खाऊ घालत होतं. वर्गात कुणाला यात विशेष वाटलं नाही. मला वाटलं. आमच्याकडचा माणूस पुण्यात ‘काय करायलास’ म्हणाला की लोक आधी हसतात आणि मग ऐकतात. तेवढ्यावरून माणसाची किंमत कशी ठरते, ते मला माहीत होतं.

पुण्यात एमएला पुरातत्त्वाला नंबर लागला. त्याच आठवड्यात लोहाऱ्याकडचं स्थळ आलं.

आमच्याकडं असल्या गोष्टी थोरले चुलते ठरवतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, म्हणाले, “पाव्हणे बघून जाऊ दे. जमलं तर पुण्याचा विषयच संपला. न जमलं तर मग बघू.” अण्णा काही बोलले नाहीत. आबांसमोर अण्णा कधीच काही बोलत नाहीत, आणि ते गप्प बसले की त्याला घरात होकार धरतात.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याच्या आईचे वडील. आजोबांचं वय झालेलं, पण आवाज खणखणीत. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. तो मी सगळ्यांना दिला आणि सतरंजीच्या कडेला बसले.

“पुण्याला जाऊन काय शिकायचं म्हणतीस?” आजोबांनी विचारलं.

मी साड्यांच्या रंगावर बोलायची तयारी केली होती. हा प्रश्न आला म्हणून बरं वाटलं. म्हटलं, “जुनी माणसं. निअँडरथल.”

“आमी स्थळ बघायला आलो तर हे कुठलं थळ काढलंस?”

“जर्मनीतली एक दरी आहे. तिथं हाडं सापडली म्हणून ते नाव.”

“म्हंजे गावावरून आडनाव. आपल्यासारखंच.” आजोबा खूश झाले. “आणि कोण लागतात ते आपले?”

आता हे कुणीही विचारतं. एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. “चुलत भाऊ.”

“दिसायला कसे होते?” मुलानं विचारलं. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

“बुटके, पण अंगानं दणकट. नाक मोठं. भुवयांचं हाड पुढं आलेलं.”

यावर सगळ्यांनी आबांकडं बघायचं टाळलं.

“मग आता कुठं असतात?” आजोबांनी विचारलं.

“संपले. पण त्याआधी आपल्या लोकांशी त्यांचे संबंध आले, लेकरं झाली. त्यांचा थोडा अंश अजून आपल्या अंगात आहे.”

आबांचा हात सुशील्याच्या ताटलीवर थांबला. “कुणाशी संबंध आले?”

“आपल्याशी.”

“चुलत भावांचे?”

तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले ते. आमच्याकडं मामाची पोरगी हक्काची, आत्याच्या घरात पोरगी आनंदानं देतात. पण चुलत्याची लेक म्हणजे सख्खी बहीण. भावकीत सोयरीक म्हणजे गाव सोडायची वेळ. आणि मी पाहुण्यांसमोर, सुशीला वाढून, सांगत होते की आपण सगळे त्यातूनच आलो.

आतून आईच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

“आबा, इंग्रजीत चुलत, मामे, आते सगळ्याला एकच शब्द आहे,” मी म्हटलं. “मराठीत आणताना कुणीतरी चुलत केलं. मामे म्हणा.”

“असं म्हणा म्हटल्यावर नातं बदलतंय व्हय?”

“मामेच असतील,” आजोबा मध्ये पडले. त्यांना बहुतेक स्थळ वाचवायचं होतं. “पर मग पोरगी कुणी कुणाला दिली? आपली तिकडं गेली का त्यांची हिकडं आली?”

प्रश्न चांगला होता आणि उत्तर मला येत होतं. येणारं उत्तर मी सहसा सोडत नाही. “आईकडून लेकीला, तिच्याकडून तिच्या लेकीला असा एक धागा येतो. त्यांच्या बायकांचा तो धागा आपल्यात कुणातच सापडत न्हाय. त्यामुळं त्यांचे पुरुषच आपल्यात आले असतील, असं काही जण म्हणतात. ठाम न्हाय.”

“म्हंजे घरजावई.”

“तसं म्हणा.”

“आणि मग?”

“मग हळूहळू विरून गेले. नावसुद्धा राहिलं न्हाय.”

मुलाच्या वडलांनी कप खाली ठेवला. आजोबांना ठसका लागला. तो बराच वेळ गेला नाही. ठसका नसून हसू होतं हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं, आणि का हसले हे पाहुणे गेल्यावर कळलं. मुलाचे वडील लग्नापासून सासऱ्याच्या घरी राहतात. लोहाऱ्यात त्यांना अमक्याचा जावई म्हणूनच ओळखतात.

“तुला कुणी विचारलं होतं त्यांच्या लग्नांचं?” पाहुणे गेल्यावर आई म्हणाली.

“आजोबांनीच विचारलं.”

“विचारलं म्हणून समदं सांगायचं?”

मला यात चूक काय ते अजून कळलेलं नाही. शिकायचं आणि विचारल्यावर गप्प बसायचं, तर कॉलेजात कशाला घातलं?

एक मात्र बरं झालं असं मी धरून चालले होते, की स्थळ मोडलं. शास्त्र खरं सांगून मोडलं, खोटं बोलून नाही, याचा थोडा अभिमानही वाटत होता. रात्री बॅगेतल्या जागेचा अंदाज घेतला.

सोमवारी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत आहे. आजोबांनी जोर लावला, त्यांना बोलकी नातसून पाहिजे. फक्त पुण्याचं तेवढं सोडून द्यावं.

आबा म्हणाले, “झालं तर मग. तारीख बघू.” आणि फोन अण्णांच्या हातात दिला, कारण शेवटचा होकार बापानं द्यायचा असतो.

मी म्हटलं, “अण्णा, मला जायचंय.” एवढं बोलणारी मी, त्या वेळी दोनच शब्द निघाले.

अण्णा शेळ्यांसाठी सुबाभळीच्या फांद्या तोडून आले होते. हाताला पाला चिकटला होता, म्हणून त्यांनी फोन खांद्यानं कानाशी धरला.

“पसंत पडली म्हणताय, लई चांगलं वाटलं,” ते म्हणाले. “पर ती पुण्याला चाललीय.”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. आबा अण्णांकडं बघत होते. मी शेळ्यांकडं बघत होते.

“न्हाय, न्हाय,” अण्णा म्हणाले. “इचारून कळवतो म्हणत न्हाय. आत्ताच कळवायलोय.”

फोन ठेवून ते हात धुवायला हौदावर गेले. आबा उठले, टोपी झटकली, परत घातली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील.

“पुण्याची गाडी तुळजापुरावरून भरून येती,” ते म्हणाले. “तू सोलापुरात जाऊन चढ. जागा मिळंल.”