बेबाक वहिनी

प्राचीचा फोन आला तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. "मावशी, आई उठून नाही राहिली," एवढंच ती बोलली. पाईप तसाच टाकून मी रिक्षा केली. अमरावतीत मे महिन्यात सकाळी आठलाच रस्ते ओस पडतात, त्यामुळे पोचायला वेळ लागला नाही. मंगलाताई आपल्या खोलीत कुशीवर झोपलेली होती, पांघरूण पायाशी, चेहऱ्यावर नेहमीचा हिशोबी शांतपणा, आणि समोर तिचा कूलर चालू होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. निवृत्तीला अजून अवकाश होता. आदल्याच दिवशी आम्ही ऑफिसच्या जिन्यात बसून आंबा कापून खाल्ला होता, आणि तिनं कोय माझ्या वाट्याला दिली म्हणून मी कुरकुरले होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. 'मातृतुल्य वहिनींना भावपूर्ण श्रद्धांजली.' कोपऱ्यात मंगलाताईचा जुना, ओळखू न येणारा फोटो, आणि खाली हात जोडलेला तिचा दीर नितीन, हुद्द्यासकट, तिच्यापेक्षा दुप्पट मोठा. हा लेख मी त्या फ्लेक्सला उत्तर म्हणून लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, ते मी लिहीनच. पण मागे उरलेल्यांबद्दलही चांगलंच लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. दिराचं नाव मी बदललं आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि त्यांनी ओळखावं अशी माझी इच्छा आहे.

मंगलाताई मूळची हिवरखेडकडची. वडील भाजीपाला पिकवायचे, आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात घेतल्यावर ती आजची की कालची हे तिला न बघता कळायचं. लग्न होऊन ती अकोल्याच्या जुन्या शहरात आली. नवरा अमरावतीला आमच्या ऑफिसात लिपिक होता. मूर्तिजापूरजवळ मोटरसायकलला ट्रकनं उडवलं आणि तो गेला. प्राची तेव्हा रांगत होती. अनुकंपा तत्त्वावर मंगलाताईला त्याच्या जागी नोकरी लागली, ती प्राचीला घेऊन अमरावतीला राहायला आली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. पहिला महिनाभर ती खुर्चीच्या कडेवर बसायची, जणू कुणी येऊन उठवणार आहे. काहून असं, विचारलं तर म्हणाली की सासू, म्हणजे आत्याबाई, तिला रोज फोनवर एकच वाक्य ऐकवतात. "नोकरी माह्या लेकाची हाय. तू नुसती खुर्चीवर बसून राहिली."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच वाक्यातून निघालं. नितीनला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा एका पतसंस्थेनं शैक्षणिक कर्ज द्यायची तयारी दाखवली, पण जामीनदार पगारदार हवा होता. घरात पगारदार एकच. नोकरी लेकाची, म्हणजे पगार लेकाचा, म्हणजे सही करायला विचारायचं कशाला? सासू-दीर कागद घेऊन अमरावतीला आले, मंगलाताईनं चहा केला आणि सही केली. नितीन पास झाला, पुण्याला नोकरीला लागला, सुरुवातीचे काही हप्ते त्यानं भरले. मग भरायचं बंद केलं. पतसंस्थेचं पत्र आमच्या ऑफिसात आलं, आणि कर्जदार भरत नसेल तर जामीनदाराच्या पगारातून कापायचं या हमीप्रमाणे मंगलाताईची कपात सुरू झाली.

किती कापले जायचे ते सांगत नाही, तिला आवडलं नसतं. एवढंच सांगते, की बाकी सगळ्यांच्या पगाराचा दिवस असायचा आणि तिच्या कपातीचा. त्या दिवशी आम्ही बाया खाली टपरीवर आलूबोंडे खायला जायचो, ती वर बसून काम करायची. घरी कूलर नव्हता. अमरावतीच्या मे महिन्यात कूलर नसणं म्हणजे काय, ते इकडच्याच माणसाला कळेल. ती खिडकीला ओली चादर बांधायची, फरशीवर पाणी शिंपडून प्राचीला त्यावर निजवायची, आणि पोरीच्या पाठीवर घामोळं उठलं की कडुलिंबाचा पाला उकळत बसायची. मी म्हटलं, कूलर हप्त्यानं घे. ती म्हणाली, "एका हप्त्यात अडकली हावो मी, दुसऱ्यात नाई अडकत. मले एकदा तरी अख्खा पगार हाती पायजे, रेखा. अख्खा. मंग त्याचं काय करायचं ते मी पाहीन." एवढीच तिची इच्छा होती. आणि नितीन? दिवाळीला पुण्याहून गाडी घेऊन यायचा, सोनपापडीचा डबा तिच्या हातात ठेवून 'वयनी, तुमी लय केलं आमच्यासाठी' म्हणायचा. पूर्ण हप्ता त्याच्या बुटांच्या किमतीत बसला असता. मंगलाताईला राग येत नव्हता असं कुणी समजू नये. ती तो मुरवत होती, कैरीच्या लोणच्यासारखा, झाकण घट्ट लावून.

पुढे वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम हाती आली. आम्ही कुणी फ्रिज घेतला, कुणी मुलीसाठी सोनं घेतलं. मंगलाताईनं पतसंस्थेत जाऊन उरलेलं सगळं कर्ज एकरकमी भरून टाकलं आणि ऑफिसात पेढे वाटले. म्हणाली, "आता पुढच्या महिन्यात पाहजो." पुढच्या महिन्यात कपात जशीच्या तशी! पगाराचं काम बघणारे बाबू म्हणाले, पतसंस्थेची बेबाकी आणा, मग बंद करतो. आमच्याकडे कर्ज पूर्ण फिटलं की जो दाखला मिळतो त्याला बेबाकी म्हणतात. माणूस बेबाक झाला, म्हणजे त्याच्याकडे कुणाचं काही येणं उरलं नाही. ती पतसंस्थेत गेली. तिथे सांगितलं, बेबाकी कर्जदाराच्या नावानं निघते, त्याच्या सहीचा अर्ज लागतो, जामीनदाराच्या सहीचा उपयोग नाही. पैसे कापताना जामीनदार चालत होता... सुटका करायची तर कर्जदार लागत होता. आणि तोवर पगारातून जे जास्तीचं कापलं जात होतं ते कुठे जात होतं? नितीनच्या त्याच पतसंस्थेतल्या बचत खात्यात.

तिनं नितीनला फोन केला. तो म्हणाला, पोळ्याला येतो. पोळ्याला आला नाही. म्हणाला, दिवाळीत पक्कं. दिवाळीत त्याचं लग्न ठरलं आणि तो म्हणाला, वयनी, आता लग्न होऊन जाऊ द्या, मग निवांत करू. ती स्वतः अकोल्याला गेली, अर्ज घेऊन. आत्याबाईंनी तो वाचलाही नाही. "तुले कशाची घाई हाय?" म्हणाल्या, "माह्या लेकाचा पगार माह्या लेकाच्या खात्यात जाऊन राहिला." पहिला लेक, दुसरा लेक, एकच हिशोब. त्या संध्याकाळी मंगलाताई परतली तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "रेखा, तुहं अक्षर चांगलं हाय ना?"

लग्न अकोल्यातच होतं. आमच्याकडे लग्नात आहेर माईकवर पुकारतात. मांडवाच्या कोपऱ्यात एक माणूस खुर्ची टाकून बसतो, पाहुणे त्याच्याकडे चिठ्ठी देतात आणि तो वाचत जातो, अमक्या गावच्या तमक्याकडून एकशे एक, मामांकडून पितळेची घागर. जेवणारे जेवता जेवता कान देऊन ऐकत असतात, कुणी किती दिलं. नितीनच्या लग्नात पुकारायला बसले होते गल्लीतले एक वयस्कर काका, कव्वालीचे शौकीन, बोलण्यात उर्दू शब्द पेरणारे. मंगलाताईनं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. अक्षर माझं होतं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. त्यावर लिहिलं होतं: 'वहिनीकडून नवरदेवाला इंजिनियरिंगचं शिक्षण, बेबाक.'

आता हिंदी-उर्दूत बेबाक म्हणजे कुणाची भीडभाड न ठेवता बोलणारा. काकांना तोच अर्थ ठाऊक. त्यांना वाटलं, शेवटचा शब्द चुकून मागे राहिला. त्यांनी तो आपल्या मनानं पुढे घेतला आणि खड्या आवाजात पुकारलं, "नवरदेवाच्या बेबाक वहिनीकडून... इंजिनियरिंगचं शिक्षण!" पंगतीत घास हातात धरून माना वळल्या. मग कुणीतरी हसलं, आणि कुणाला तरी ही फार मोठी गोष्ट वाटून त्यानं टाळ्या वाजवल्या, त्या सगळ्या मांडवात पसरल्या. आत्याबाईंच्या हातातली अक्षतांची वाटी तिथेच राहिली. मुलीचे वडील शिक्षक होते. त्यांना सांगितलेलं होतं, की मुलगा स्वतःच्या हिमतीवर शिकला, घरावर एक पैशाचा भार टाकला नाही. ते उठून मंगलाताईजवळ आले आणि हे काय प्रकरण आहे ते विचारलं. तिनं एक शब्द वाढवून सांगितला नाही, एक कमीही केला नाही. शेवटी म्हणाली, "बाकी काई नाई पायजे सर, एक सही पायजे." आणि पिशवीतून अर्ज काढला.

ते गृहस्थ अर्ज घेऊन बोहल्यापाशी गेले. काय बोलले ते सनईत ऐकू आलं नाही, पण खिशातला पेन त्यांनीच काढून दिला. नितीननं मुंडावळ्या बाजूला सारत सही केली. अर्जाला हळद लागली. मंगलाताईनं तो फुंकून वाळवला, घडी न घालता पिशवीत ठेवला, आणि मग आम्ही दोघी पंगतीत बसून पोटभर जेवलो. मी जिलेबी दोनदा मागून घेतली. पतसंस्थेतल्या माणसानं पुढे त्या पिवळ्या डागाकडे बघून विचारलं म्हणे, हे काय? ती म्हणाली, आहेर.

त्यानंतरचा पगार अख्खा आला. ती टपरीवर आली, आलूबोंडे खाल्ले, सगळ्यांचे पैसे तिनं दिले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून हातगाडीवरून कूलर आणला. लोखंडी, निळा, विमानासारखा आवाज करणारा. तेव्हापासून त्या घरात एक नियम होता. येईल त्याला पाणी, चहा, जेवण, सगळं मिळायचं, पण सासरचं कुणी आलं की कूलरसमोर बसायचं नाही. ती हसत हसत सांगायची, "तुमी पंख्याखाली बसा, हा माह्या पगाराचा हाय." आत्याबाई शेवटच्या वर्षी आजारपणात उपचारासाठी तिच्याकडेच होत्या. तिनं त्यांची सेवा केली, मनापासून केली... पण त्यांची खाट पंख्याखाली होती. कुणी म्हणेल, एवढं कशाला मनात ठेवायचं. मी म्हणते, का ठेवू नये? ज्यानं घामोळ्यावर कडुलिंब उकळला नाही त्यानं क्षमेवर व्याख्यान देऊ नये.

तेरवीला नितीन आला. पांढरा झब्बा, गॉगल डोक्यावर. चार माणसांत उभा राहून बोलला, की मी आज जो काही आहे तो वहिनींमुळे, त्यांनी मला शिकवलं, त्या माझ्या आईच होत्या. हेच वाक्य त्या मांडवात बोलला असता तर तिला चिठ्ठी लिहावी लागली नसती. मग जेवणं झाली. तो आत आला, इकडेतिकडे बघितलं, आणि मंगलाताईच्या खोलीत तिच्याच खाटेवर, कूलरच्या अगदी तोंडासमोर जाऊन बसला. झब्ब्याची बटणं उघडली, डोळे मिटले. प्राचीनं माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि कूलरचं बटण बंद केलं.

त्यानं डोळे उघडले. "लाइन गेली काय?"

वर पंखा फिरत होता.

"नाही," मी म्हटलं. "वहिनी बेबाक झाली."