भालेरावांची प्लेट

भालेराव समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नसत. नाक आणि हनुवटी यांच्यामधल्या अंतराकडे बघत. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. मग हळूच म्हणत, "यांची उंची उतरलीय बघा." दात झिजले की तोंड मिटताना हनुवटी वर सरकते, गाल बसतात, माणूस अकाली म्हातारा दिसतो. ती उतरलेली उंची परत देणारे दात भालेराव बनवत. कसबा पेठेत जिन्याखाली त्यांची लॅब होती. तिथल्या चहालासुद्धा प्लास्टरची चव असे.

त्यांचा हट्ट एकच. वाढवलेल्या उंचीची, काढता-घालता येणारी प्लेट आधी तीन महिने तोंडात वागवायची, ती मानवली तरच दातांवर पक्क्या कॅप. "जबडा काय आपला नोकर आहे? त्याला विचारायला नको?"

मी तेव्हा स्वारगेटजवळ दातांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे शिकाऊ होते; त्यांचं लॅबचं काम भालेरावांकडे जाई. सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्याच आल्या होत्या, आणि अमेरिकेला निघालेल्या एका मुलाला पंधरा दिवसांत झिजलेले दात नीट करून हवे होते. भालेराव माझ्यादेखत म्हणाले, "प्लेटशिवाय नको, डॉक्टर. पस्तावाल."

"तुम्ही प्लास्टर कालवा. उपचार मी बघतो."

कॅप बसल्या. आठवड्यात मुलगा जबडा धरून परत आला. घास चावता येईना, विमानही चुकलं. त्याच्या वडिलांना डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "लॅबवाल्यानं उंची चुकवली." मी तिथेच उभी होते. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. बोभाटा झाला आणि भालेरावांकडे येणारं काम आटलं.

पुढे मी स्वतःचं क्लिनिक काढलं आणि सगळं काम त्यांनाच देऊ लागले. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, विसरले.

मग एके दिवशी तेच डॉक्टर माझ्या खुर्चीत येऊन बसले. दात पार झिजलेले, आणि बरोबरीच्या कुणाला दाखवायची लाज. "काम भालेरावांकडे जाईल," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मला मनापासून आनंद झाला, कशाला लपवू?

प्लेट बसली. ती घालून बोलताना शिट्टी वाजायची, आणि महिन्याभरात डॉक्टरांचं परिषदेत भाषण होतं.

"भालेराव, तेवढ्यापुरती काढू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा की. तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजू."

भाषणाला भालेराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. व्यासपीठावर शिट्ट्या वाजत होत्या, लोक माना खाली घालून हसत होते. भालेराव हसले नाहीत. शेवटपर्यंत डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

कॅप तयार झाल्या त्या दिवशी ते स्वतः खोका घेऊन आले. तो हातातच धरून म्हणाले, "साहेब, त्या मुलाच्या वेळी चूक कुणाची होती?"

डॉक्टरांनी तोंडातली प्लेट काढून हातात घेतली. मग म्हणाले, "माझी."

भालेरावांनी खोका टेबलावर ठेवला. कॅप इतक्या नेमक्या होत्या की मला एकही घासावी लागली नाही. जाताना ते माझ्याकडे वळले.

"ऐकलंत ना, मॅडम? तेव्हाही सगळं ऐकलं होतंत."

त्यानंतर त्यांनी माझं काम घेतलं नाही. डॉक्टरांचं मात्र पुन्हा घेऊ लागले, हे मला बाहेरून समजलं. डॉक्टरांनी निदान तो एक शब्द उच्चारला होता. मला कुणी विचारलं नाही, आणि आपणहून जाऊन सांगायचं धाडस मला झालं नाही. भालेराव गेल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं.