किंचाळीबाईचा आवाज

डबिंग स्टुडिओत तिला सगळे किंचाळीबाई म्हणायचे. बाहेरच्या सिनेमांना आपल्या भाषेतले आवाज द्यायचे, हे तिथलं काम. आणि त्यात हिच्या वाट्याला कायम गर्दी. पूल कोसळला, की हिची किंचाळी. आग लागली, की 'पळा, पळा!' ओरडणारी हीच. चार धड वाक्यं मिळावीत म्हणून बिचारीने वर्षानुवर्षं घसा फोडला, पण कोणी दाद देईल तर शपथ!

आणि एकदम मोठं काम चालून आलं. एका सिनेमातल्या यंत्राचं. लोकांनी घर सांभाळायला आणलेलं यंत्र पुढे माणसांच्याच जिवावर उठतं आणि लपलेल्या पोरांना आईच्या आवाजात हाका मारून बाहेर काढतं. स्टुडिओतले साहेब म्हणाले, "बाई, भीती घालू नका. घरी लेकीला हाक मारता ना, अगदी तशी मारा." हिने मारली. साहेब खूश, आणि ही तर हवेतच!

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागणार होता. सकाळपासून हिने फोन करकरून सगळ्या गोतावळ्याला कळवलं. घरात नवरा, सासूबाई आणि लेक. लेक इवलीशी, पण पायाला भिंगरी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

"अगं, फार मारामारी आहे म्हणे त्यात," नवरा म्हणाला. "मुंगीला कशाला?"

"वा! जन्मात पहिल्यांदा माझा आवाज ओळखू येणार, आणि माझ्याच लेकीने ऐकायचा नाही? रक्तबिक्त आलं की डोळे झाकेन तिचे."

डोळे झाकायचं ठरलं. कानांचं काय, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. हौस, दुसरं काय!

सिनेमा नुसता धुमश्चक्रीचा नव्हता, विचार करायला लावणारा होता. तळघराच्या दाराबाहेरून हाक आली, "ये राजा, बाहेर ये. मी आहे ना." आतल्या मुलाने खात्री करायला विचारलं, "माझ्या पांघरुणावर काय होतं?" बाहेरून पटकन उत्तर आलं, "निळे मासे." अगदी बरोबर! मुलाने दार उघडलं. हिने झटकन मुंगीच्या डोळ्यांवर हात ठेवला. तळव्याखाली पापण्या फडफडल्या आणि मग एकदम थांबल्या.

"अगं बाई, हुबेहूब तूच की गं!" सासूबाईंना कौतुक मावेना.

पडद्यावर एक म्हातारा उरलेल्या पोरांना जवळ घेऊन सांगत होता, "ते यंत्र काहीच विसरत नाही. विसरतो तो माणूस."

हिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लेकीकडे वाकली. "काय राजा, कसा वाटला माझा आवाज?"

मुंगीने तिच्याकडे पाहिलं आणि जी धूम ठोकली, ती थेट बाथरूममध्ये. आतून कडी लागली.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. ही दाराशी धावली. "राजा, बाहेर ये. मी आहे..." आणि जीभच चावली तिने. आतून हंबरडाच फुटला.

"बाबा, तिला घालवा! घालवा ना तिला!"

नवऱ्याने दाराला खांदा लावला. हिने त्याचा दंड धरला. "अहो, नको! सिनेमातही आधी एक दार यंत्राने असंच तोडलं होतं. मग मी तिची आई उरणार नाही हो!"

"मग बोल काहीतरी!"

काय बोलणार? प्रेमाने बोलावं तर यंत्र, ओरडावं तर गर्दीतली किंचाळी. होते नव्हते ते सगळे आवाज विकून बसलो आपण, असं तिला वाटलं, आणि तिला ढसाढसा रडावंसं वाटलं. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आत उचक्या चालू होत्या.

मग दाराला अगदी चिकटून बारीक आवाज आला, "सकाळी मी तुला काय दाखवलं?"

हिने सगळी सकाळ आठवून पाहिली. काही केल्या आठवेना. नवऱ्याला मात्र ठाऊक होतं. घाईघाईने तो स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवून खुणा करू लागला. सांग, सांग! त्या गडबडीत सिनेमातला म्हातारा काय म्हणाला, ते कोणाला आठवतंय! बरोबर उत्तर समोर होतं, नुसतं म्हणायची खोटी. पण त्या बोटाकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने त्याचा हात खाली केला.

"नाही गं आठवत," ती म्हणाली. आवाज चिरकला, फाटला, तिने तो सावरला नाही. "मी फोनवर होते. तू काहीतरी दाखवलंस, मी नुसतं हो हो म्हटलं. बघितलंच नाही गं मी."

आत उचकी थांबली. "खरंच नाही आठवत?"

"खरंच नाही."

कडी सरकली. दार उघडलं. मुंगी बाहेर आली, तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी धरून खाली ओढला आणि आपलं तोंड मोठ्ठं उघडलं.

"हा हलतोय," ती म्हणाली. "आता नीट बघ."