वाकळीचा मधला चौक

शिवायची मशीन घ्यायची ठरली ती माझ्या बोटांमुळे. साखरेनं पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली आणि सावकाश हातांपर्यंत पोचली. दुखत काहीच नाही, तीच तर तक्रार. सुई बोटात गेलेली मला कळायची नाही. धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर लाल ठिपका उमटला की मी म्हणायची, अगं बाई, टोचली वाटतं. डॉक्टर म्हणाले, जपा. काय जपायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात माझी थोरली जाऊ गेली. आम्ही दोघी ताडकळसजवळच्या गावात एका घरात नांदलो. पुढं चुली वेगळ्या झाल्या, पण वाकळ शिवायला एकत्रच बसायचो. ती गेली तेव्हा आमची एक वाकळ अर्धवट होती. तेरावं झाल्यावर तिची लेक माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, मला आईचं दुसरं कायबी नको. तेवढी वाकळ पुरी करून ठेवा. दिवाळीला आले की नेते."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. मला रडू आलं नव्हतं. बायका कुजबुजल्या की धक्का बसलाय; मी म्हटलं, असेल. आल्यागेल्यांसाठी कुणाच्या घरून कुठले कप आणले होते ते मला अजून आठवतं. जावेचा शेवटचा चेहरा मात्र आठवत नाही.

आमची वाकळ म्हणजे खाली जुन्या लुगड्याचं अस्तर, मधे फाटकी धडुती, वर ठिगळं. दोघींनी समोरासमोर बसायचं, बाहेरच्या काठापासून धावदोरा घालायचा आणि एकेक फेर आत सरकत यायचं. अर्धी वाकळ तिच्या हाताची, अर्धी माझ्या. शेवटी मधे हातभर चौक उरतो. तो चौक थोरलीनं मिटवायचा, ही आमच्या घरची रीत. धाकटीनं तेवढा वेळ सुई बाजूला ठेवून सुपारी कातरत बसायचं.

जाऊ डावखुरी. तिचे टाके एका अंगाला कललेले असायचे, वारं लागलेल्या ज्वारीसारखे. माझे सरळ. नवी नवरी होते तेव्हा त्या सरळपणाचा मला काय माज होता! सासूबाईंच्या माहेरचे पाहुणे आले तर मी त्यांच्यापुढं वाकळ पसरून बसले आणि टाक्यावर बोट ठेवून ठेवून दाखवत राहिले. पाहुणे बिचारे मान डोलावून डोलावून बेजार झाले आणि चहाशिवायच उठले. आतून जाऊ ओरडली, "ए धाकटे, टाके दाखवून झाले आसतील तर चुलीकडं बघ. दूध कवाचं उतू जायलंय!"

बाजारात कुणी मशीनवर शिवलेल्या गोधड्या मांडल्या की ही सरळ टाक्यांची महाराणी नाक मुरडून उभी राहायची. "ही काय वाकळ हाय? पोत्याला झालर लावलीय नुसती." एकदा विकणारीनं मान वर करून सांगितलं, "बाई, घेऊ नका. पर जरा सरकून उभ्या राव्हा. गिऱ्हाईक दिसंना मला."

तर ती महाराणी म्हातारपणी बधिर बोटं घेऊन परभणीला मशीन घ्यायला गेली. बरोबर सून होती, आणि काखेत अर्धवट वाकळ. सून म्हणत होती, "आई, हे बोचकं कशाला? लोक बघायलेत."

"बघू दे. चप्पल घेताना पाय घरी ठेवून जातेस का तू?"

घरातली काळी पायमशीन गुडघ्यांमुळे बाद झाली होती, म्हणून विजेची हवी होती. दुकानदारानं नाजूक, पांढरीशुभ्र मशीन पुढं केली. "मावशी, हिच्यात लय डिझाइन हायेत. वेल निघते, फुलं निघतात, बदकंसुदा."

"बदकं काय करू? आमच्या गावात डबकं सुदा आटलंय. सरळ टीप मारती का?"

"सरळ तर काय, सगळ्याच मारतात."

"मग ही वाकळ घाला हिच्यात."

त्यानं वाकळीची गुंडाळी मशीनच्या हाताखाली सारली. अर्ध्यात अडकली. दुसऱ्या मशीनचा हात लांब होता, पण कापड दाबायचा पाय पुरेसा उचलत नव्हता. तिसरीत वाकळ बसली, पण पॅडल दाबताच मशीनच टेबलावर चालायला लागली. सून हसली. दुकानदारही हसला. शेवटी मागच्या फळीवरून त्यानं एक जड, करड्या रंगाची काढली. सुईच्या उजव्या अंगाला ऐसपैस जागा, पाय चांगला वर उठणारा, टीप लांब करता येणारी. जाड सुई लावली. मशीन घरघर करत अख्ख्या थरातून पार गेली आणि जागची हलली नाही. बदकं नव्हती. मी म्हटलं, हीच.

मग तो म्हणाला, "मावशी, जाड कामाला हा येगळा पाय घ्या संगं. खालचे दाते खालचं कापड ओढतेत, हा वरचं बी ओढतो. न्हाईतर थर सरकतेत."

दुकानदार जातीनं जास्तीचं काहीतरी गळ्यात मारतोच, असं म्हणून मी तो पाय परत केला. एवढं आयुष्य वाकळी शिवण्यात गेलं, मला हा थर शिकवतो!

घरी येऊन मी कामाला लागले. रीत मला एकच माहीत. बाहेरून आत. हाताचा शेवटचा फेर जिथं थांबला होता तिथून मशीन लावली आणि फिरत फिरत चौकाकडं निघाले. बोटांना काही लागायची भीती नव्हती. कानाला घरघर येत होती, कापड पुढं जात होतं, आणि माझ्या मनात काहीही नव्हतं. बरं वाटत होतं, असंही म्हणता येणार नाही. चाललं होतं.

मधे पोचले तर वाकळीला पोट सुटलेलं. हातानं शिवताना आपण तळव्यानं कापड चोपत, थोडं इकडं थोडं तिकडं जिरवत येतो. मशीन कसली जिरवते? वरचं कापड ढकलत ढकलत तिनं सगळं चौकात आणून कोंडलं होतं. मी दाबलं तर एका बाजूचं बसलं आणि दुसऱ्या बाजूनं उठलं.

सुनेनं मोबाइलवर शोधून दाखवलं. "हे बघा आई, ह्या बाया मधून सुरू करायल्यात. मधून भाईर."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमाला सांगायचं? मी?"

तिचं बरोबर होतं.

मी मशीनची सगळी टीप उसवली. तरी कापडाला जायला वाट नव्हती, कारण चारी बाजूंनी हाताचे फेर बंद होते. आत कोंडलेलं सोडवायचं तर एक अर्धी वाकळ काठापर्यंत उसवावी लागणार होती. जावेची, नाहीतर माझी.

जावेचे टाके काढले तर लेकीनं मागितलेलं तेच जात होतं. आणि माझे काढले तर ते परत घालायला मला बोटं नव्हती. ते माझ्या हाताचे शेवटचे सरळ टाके होते, आणि खोटं कशाला बोलू, लय देखणे होते. मी वाकळ दोनदा घडी करून ठेवली, दोनदा उलगडली. सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोट तसंच. ताई काय म्हणणार न्हाईत."

"आंगावर घेतल्यावर रोज टोचंल तिला. चष्मा दे माझा."

ब्लेड घेऊन मी माझी बाजू उसवायला बसले. दोरा सर्रकन निघत होता. चांगला धावदोरा असाच निघतो. वाईट वाटेल म्हणून मी थांबून थांबून वाट बघितली. वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या बाजूला नुसती भोकं उरली, मग कापड चोपलं तशी तीही मिटली.

तो वेगळा पाय सून परभणीहून घेऊन आली. दुकानदारानं कुणासाठी ते ओळखलं म्हणे. मग मी मधून सुरुवात केली, आधी चौक. थोरलीचा चौक धाकटीनं मिटवला. मला वाटलं होतं निदान तिथं तरी हात अडखळेल. नाही अडखळला. चौकातून मी माझ्या रिकाम्या बाजूकडं टिपा मारत निघाले आणि कापड सुतासारखं सरळ पसरत काठाला गेलं.

दिवाळीला पुतणी आली. वाकळ उलगडून तिनं ती उन्हात धरली, कललेल्या टाक्यांवरून हात फिरवला. मग दुसरी बाजू बघून म्हणाली, "काकू, ही सगळी मशीन. तुमची बाजू कुठाय?"

"ती काय. मशीनवर मीच बसले होते की."

"हाताची, म्हणते मी."

"कटाळा आला होता मला सरळ शिवायचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझी बोटं हातात घेतली आणि दाबली. दाबली हे मला दिसलं.

परत जायच्या दिवशी वाकळ बॅगेत मावेना. पुतणी गुडघ्यानं दाबत होती, चेन ओढत होती, चेन मधेच अडत होती. एसटीची वेळ झाली होती.

"सरक," म्हटलं, आणि मी बॅगेवर जाऊन बसले. तिनं एका दमात चेन लावली. तरी मी बसूनच होते.

"काकू," ती म्हणाली, "उठा की आता."

उठले.